डिकीतला गुलाल

माझी बायको डाव्या पायाने अधू आहे. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून. साताऱ्यात आमचे घर बोगद्याकडे जाणाऱ्या चढावर आहे आणि तिचे शिवणाचे दुकान खाली, पोवई नाक्याच्या बाजूला. सकाळी मी तिला मोटारसायकलवरून दुकानात सोडायचे, तसेच पुढे एमआयडीसीत कामावर जायचे आणि संध्याकाळी येताना घेऊन यायचे, असा आमचा लग्नापासूनचा क्रम. मी एका कारखान्यात हिशेब बघतो. महिनाअखेरीला उशीर होतोच. त्या दिवसांत ती शटर अर्धे ओढून आत बसून राही.

आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर जेवत नाही. माझे जेवण कारखान्यात कँटीनवाला वेळेवर देई. ती मात्र महिनाअखेरीचे चार दिवस न जेवता तशीच झोपे आणि विचारले तर म्हणे, "दुपारीच जास्त झालं होतं." मला आकड्यांची सवय आहे, पण हे दिवस मी कधी मोजले नव्हते. तिनेही मोजून दाखवले नाहीत. एका पावसाळ्यात शिवता शिवता ती फक्त एवढे म्हणाली, "मला माझी गाडी पाहिजे. मागं बसायची नको, पुढं बसायची."

तिचे माहेर सांगलीजवळच्या आष्ट्याचे. गुढीपाडव्याला तिकडे जायचे होतेच, आणि सांगलीतला एक विक्रेता विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मागे दोन आधाराची चाके स्वतःच बसवून देतो, असे माहेरी कळले. म्हणून गाडी सांगलीत घेतली. पाडव्याच्या दिवशी त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मुहूर्त टळायला आला होता. गाडीला हार घालून झाला होता, मेव्हण्याच्या हातात नारळ होता, आणि काउंटरवरचा माणूस म्हणत होता, "मॅडम, इथं, इथं आणि इथं सही." त्यातली एक सही 'गाडी तपासून घेतली' या ओळीखाली होती. वीजबिलावरचे युनिटसुद्धा मी मीटरशी ताडून बघतो. पण हार घातलेल्या गाडीखाली वाकून चाके कोण बघणार? तिने सह्या केल्या, मी चाकाखाली लिंबू ठेवले, गाडीला केशरगंधाचे स्वस्तिक काढले, आणि आम्ही पेढे वाटले.

पहिले काही दिवस फार चांगले गेले. गाडी एका टेंपोतून साताऱ्याला आणली होती. सपाटीवर ती हळूहळू शिकली. मग त्या महिन्याच्या अखेरीला मी कारखान्यात बसलो असताना फाटकावरच्या रखवालदाराचा फोन आला, "साहेब, वहिनी आल्यात." बाहेर जाऊन बघतो तर ही स्कूटरवर बसलेली, पदर खोचलेला, पुढे डबा अडकवलेला. ऊन अजून होते. म्हणाली, "कँटीनचं रोज काय खाता? माझंही आणलंय." फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसून आम्ही दोघांनी जेवण केले. ती घास घेताना मधून मधून गाडीकडे बघत होती, जसे एखादी बाई अंगणात खेळणाऱ्या लेकराकडे बघते.

मग गाडी चढावर बंद पडायला लागली. आमच्या घराच्या चढाला निम्म्यावर आली की हँडल थोडे थरथरायचे आणि ताकदच जायची. जरा थांबून परत सुरू केली की चालायची. एकदा तशी बंद पडून मागे घसरली आणि मागून दुधाचा टेंपो येत होता. टेंपोवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून बरे. तिला खरचटलेसुद्धा नाही.

गाडी सांगलीला तीनदा नेली. तिन्ही वेळा त्यांनी चालवून बघितली आणि ठीक आहे म्हणून परत दिली. तिसऱ्या वेळी दुरुस्तीच्या कागदावर छापून आले : 'वाहनात दोष आढळला नाही. चालकास वाहन हाताळता येत नाही.' तिने तो कागद काउंटरपाशी उभ्या उभ्या वाचला, चौपदरी घडी केली आणि पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकल काढली तर ती नेहमीसारखी मागे येऊन बसली. स्कूटरवर तिने जुनी चादर टाकली होती आणि चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधल्या होत्या.

मी म्हटले, "आपण वकिलाकडे जाऊ."

"गाडीत दोष नाही म्हणतात ना ते," ती म्हणाली. "मग वकील काय माझा पाय दुरुस्त करणार आहे?"

तरी आम्ही गेलो. वकील आमच्याच भागात राहणारे. फौजेत नोकरी करून निवृत्त झाले, मग कायदा शिकले. त्यांना सगळे सुभेदारच म्हणतात. बैठकीच्या खोलीतच ऑफिस, भिंतीवर पलटणीचा फोटो. मी माझा हिशेब मांडला : गाडीची किंमत, विमा, टेंपोचे भाडे, त्यावर व्याज. त्यांनी तो ऐकून घेतला आणि उलटा करून पेपरवेटखाली ठेवला.

"हे बरोबर असेल. तुम्ही मांडलंय म्हणजे असणारच," ते म्हणाले. "आता नीट ऐका. खरेदीपासून दोन वर्षं मुदत असते, अजून भरपूर वेळ आहे. तक्रार करायला सांगलीला जायची गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे इथल्या साताऱ्याच्या ग्राहक आयोगात करता येते. वकील नसला तरी चालतो, मी असलो तर जरा बरं. यापुढं त्यांच्या कुठल्याही कागदावर 'समाधान झाले' अशी सही करायची नाही. आणि गाडी त्यांच्या दारात नुसती सोडून यायची नाही. जे काही असेल ते लेखी." मग ते हिच्याकडे वळले. "वहिनी, तुम्हाला काय पाहिजे?"

"ह्यांनी सांगितलं की."

"ह्यांनी ह्यांचं सांगितलं."

तिने पर्समधून तो कागद काढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "एवढं वाक्य खोडून पाहिजे."

सुभेदारांनी चष्मा लावून वाक्य वाचले. मग त्यांनी विचारले, "हे लोक गाडी कुठं चालवून बघतात?"

"तिथंच, दुकानासमोरच्या रस्त्यावर."

"सांगलीत चढ कुठाय वहिनी? अख्खं गाव पोळपाटासारखं. चला, मला गाडी दाखवा."

रविवारी ते आमच्याकडे आले. मी चादरीच्या दोऱ्या सोडल्या. त्यांनी हिला चढावर गाडी न्यायला सांगितले तर ती दारातून हललीच नाही. "मला नाही जमणार," एवढेच म्हणाली. तेव्हा ते स्वतः बसले. खाली नाक्यापर्यंत उतरून गेले आणि वळून वर यायला लागले. मी मोबाइलवर चित्रण करत होतो. निम्म्या चढावर हँडल थरथरले आणि गाडी थांबली. मागे एक रिक्षा, एक मोटार, सगळे हॉर्न वाजवायला लागले. सुभेदार रस्त्याच्या मधोमध ताठ बसून होते. त्यांनी दारातल्या हिच्याकडे बघून हात वर केला आणि मोठ्याने म्हणाले, "वहिनी, मला पण चालवता येत नाही."

ती हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसली. तो कागद आल्यापासून मी तिला हसताना बघितले नव्हते.

गाडी ढकलत दारात आणल्यावर त्यांनी माहितीपुस्तक बघायला म्हणून सीटखालची डिकी उघडली आणि आत बोट फिरवले. बोटाला गुलाबी रंग लागला. "तुमच्यात पूजेला गुलाल असतो का हो?"

"नाही. आम्ही केशरगंध लावतो."

ही आत गेली आणि देव्हाऱ्याच्या फळीवरची पितळी डबी घेऊन आली. डबीत गुलालाची एक लहान पुडी होती. वर देवाचे लहानसे चित्र आणि खाली छापलेले 'श्री सिद्धनाथ प्रसन्न, म्हसवड'.

"पाडव्यालाच सापडली," ती म्हणाली. "डिकीत कोपऱ्यात, चिकटपट्टीनं लावलेली. थोडी फाटली होती. मला वाटलं, तिथं काम करणाऱ्या कुणाची तरी असेल. दुसऱ्याचा प्रसाद टाकायचा कसा? म्हणून ठेवली."

मला ती एका शब्दाने बोलली नव्हती. कुणाच्या देवाची वस्तू ही तक्रारीची गोष्ट आहे, असे तिच्या मनातच आले नव्हते.

सुभेदार पुडी उलटसुलट करून बघत राहिले. "हा काही पुरावा नव्हे," ते म्हणाले. "पण विचारायला जागा झाली. मेकॅनिक गाडीत देव चिकटवत नाही, मालक चिकटवतो. तुमच्या आधी कुणीतरी मालक असेल. असली मागं चाकं लावलेली गाडी म्हसवडसारख्या गावात लपत नाही. सापडला तर भांडू नका, साक्षीला चला म्हणून गळ घालू नका. फक्त विम्याचा काही कागद आहे का विचारा. नंबर पडायच्या आधीसुद्धा विमा उतरवतात, आणि त्यावर चासी नंबर असतो."

मी एकटा जाऊन येतो म्हटले. ती म्हणाली, "पुडी मी सांभाळली. मी येणार."

एसटीने दहिवडीवरून म्हसवडला पोचलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. देवळाबाहेर नारळ-गुलाल विकणाऱ्या एका बाईला विचारले, तर तिने पूर्ण ऐकूनही घेतले नाही. "चार चाकांची फटफटी न्हवं? त्यो मेंढरंवाला म्हातारा. दसऱ्याला हॉरन वाजवत देवाला आला, लय मिरवला. दिवाळीला गाडी गायब. त्या टेकाडावर घर हाय बगा."

घर टेकाडावर, पत्र्याचे. म्हातारा दाराशी बाजेवर बसला होता. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. मेंढरे रस्त्याने नेताना ट्रक कळपात घुसला होता, हे नंतर कळले. मुलगा कळप घेऊन बाहेर हिंडत होता. घरात सून होती. मी आमची ओळख सांगितली, गाडीचा विषय काढला. म्हाताऱ्याने हात झटकला.

"ती गाडी मी परत दिली. मिटलं ते. गाडीचा दोस न्हाई, मलाच चालवाय येत न्हाई."

"कोण म्हणालं, मामा?" हिने विचारले.

"दुकानवालाच म्हणाला. मेंढरं हाकनं येगळं आन गाडी हाकनं येगळं, आजोबा. बराबर हाय की त्याचं."

"कुठं बंद पडायची?"

"ह्या काय, घरापुढल्या टेकाडाला."

"बंद पडायच्या आधी हँडल थरथरायचं का? मुंग्या आल्यासारखं?"

म्हाताऱ्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितले. मग तिच्या पायाकडे. मग पुन्हा तिच्याकडे. "व्हय," तो म्हणाला. "मुंग्याच. मला वाटलं, माझाच हात कापतोय."

"मलाही तसंच वाटलं."

तिने पितळी डबी उघडून पुडी त्याच्या हातावर ठेवली. "ही तुमचीच ना?"

त्याने अंगठ्याने देवाच्या चित्रावरची धूळ पुसली, धूळ नव्हती तरी. "मीच लावलीती. गाडीला नजर लागू ने म्हनून." मग हळूच म्हणाला, "म्हंजी माजीच गाडी तुमाला दिली?"

"हो."

"आन तुमची बी बंद पडती?"

"आमच्या वकिलांची पण पडली. फौजेतले आहेत ते."

तेव्हा म्हाताऱ्याने आत हाक मारली. "आगं, आलीस का बाहीर? ऐकलंस का ह्या ताई काय म्हणत्यात? फौजेतल्या मानसाची बी बंद पडली." सून बाहेर आली, तिला त्याने सगळे पुन्हा सांगितले आणि मग मलाच म्हणाला, "कळपाच्या तळावर जाऊन यायचं हुतं वो मला. लेक कुटं उतरलाय, मेंढरं कशी हायती, एवडंच बगून यायचं हुतं. गाडी गेली तवापासनं ह्या बाजंवर हाय. लोकास्नी सांगतो, नगं वाटली म्हणून दिली."

सुनेच्या फोनमध्ये विम्याचा संदेश जसाच्या तसा होता. तिने पुसला नव्हता, कारण मामंजींच्या नावाची गाडी म्हणून तोच एक मागे राहिला होता. संदेशाला पॉलिसी जोडलेली होती. मी माझ्या पिशवीतले कागद काढले आणि चासी नंबर एकेक अक्षर, एकेक आकडा लावून बघितला. मग हिला वाचायला सांगून मी बघितले. मग सुनेला वाचायला लावले. ही म्हणाली, "अहो, तोच आहे. पुरे." पण आकड्यांची मला खात्री लागते.

सूर्य मावळायच्या आधी सून भाकरी थापायला बसली. "तुमी जैन लोक उजेडात जेवता न्हवं? मग आत्ताच बसा. कांदा न्हाई घालत." बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि मडक्यातले दही. म्हातारा आमच्याबरोबर जेवायला बसला, आणि सून म्हणाली की असे वेळेवर जेवताना तिने त्याला बऱ्याच दिवसांनी बघितले.

पुढचे काम सुभेदारांचे. आधी नोटीस गेली, तिला उत्तर आले नाही. मग आयोगात तक्रार दाखल केली. सोबत चढावरचे चित्रण, दुरुस्तीचे तिन्ही कागद आणि दोन वेगवेगळ्या नावांवर एकाच चासी नंबराचा विमा. आधी मध्यस्थीने मिटते का बघा, असे तिथे सांगितले. त्यासाठीच्या खोलीत लांब टेबलाच्या एका बाजूला आम्ही तिघे आणि दुसऱ्या बाजूला तो विक्रेता आणि त्यांचे वकील, टोकाला मध्यस्थी करणाऱ्या बाई. विक्रेता माझ्याच वयाचा, कपाळावर घाम. मुळीच उर्मट नव्हता. त्यांच्या वकिलांनी सांगितले की परत आलेली गाडी चुकून नव्या गाड्यांत उभी राहिली, सगळी रक्कम आणि वर खर्च द्यायला ते तयार आहेत, फक्त मजकुरात दोष वगैरे काही नको. ग्राहकाच्या इच्छेने गाडी परत, एवढेच लिहू.

त्यांचा आकडा माझ्या आकड्याशी जुळत होता. मी पेन काढले. हिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ते वाक्य?" ती म्हणाली.

"कुठलं वाक्य, मॅडम?" विक्रेत्याने विचारले. तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. घड्यांच्या जागी तो आता फाटायला आला होता. त्याने वाचला आणि खरोखरच गोंधळून म्हणाला, "अहो, त्यात काय एवढं? कॉम्प्युटरवर तसा एक पर्याय असतो. गाडीत काही सापडलं नाही की पोरं तोच दाबतात."

"मग आता दुसरा दाबा," ती म्हणाली.

सुभेदारांनी खाली मान घालून मिशीवरून हात फिरवला. मध्यस्थ बाई हिच्याकडे वळल्या. मग त्यांनी विचारले, "काय लिहायला हवं, तुम्हीच सांगा."

तिने घरी ठरवूनच ठेवले असणार, कारण न अडखळता सांगितले. 'वाहनात चढावर बंद पडण्याचा दोष होता. ते चालवणाऱ्या कोणाचीही चूक नव्हती.' त्यांच्या वकिलांनी 'कोणाचीही'च्या जागी 'तक्रारदाराची' सुचवले. तक्रारदार एकच आहे, मग कोणाचीही कशाला? ती म्हणाली, "मी एकटीच नव्हते त्या गाडीवर." मध्यस्थ बाईंनी 'कोणाचीही' तसेच ठेवले. विक्रेत्याने सही करताना ती ओळ पुन्हा वाचली आणि हळू आवाजात तिला म्हणाला, "आजोबांना मी फोन करीन." पुढे त्याने केलाही, असे सुनेने कळवले.

दुसरी गाडी आम्ही साताऱ्यातच घेतली, पेट्रोलवर चालणारी. दुकानाचा माणूस हार घेऊन उभा होता. ही म्हणाली, "हार राहू दे. आधी चढ." बोगद्याच्या चढावरून ती तीनदा वर गेली आणि तीनदा खाली आली. मुहूर्त टळून गेला. मग नारळ फोडला.

समझोत्याची प्रत द्यायला म्हसवडला पुन्हा गेलो. म्हाताऱ्याला वाचता येत नाही. हिने ती ओळ वाचून दाखवली. त्याने पुन्हा वाचायला लावली.

"कोणाचीही म्हंजी?" त्याने विचारले. "त्यात मी बी आलो का?"

"तुमच्यासाठीच तो शब्द घालायला लावला, मामा."

त्याने मान हलवली. कागद सुनेच्या हातात दिला आणि म्हणाला, "देवळापुढल्या बाईला दाखवून आन जा. लय बोलती ती." आणि आम्ही निघताना त्याने पांघरुणाखालून गुलालाची नवी पुडी काढून हिच्या हातावर ठेवली. "सातारची गाडी घ्यायची झाली तर चढावर तुमी बघून देनार का, ताई?"

"देईन की. मला चालवता येते," ती म्हणाली.

ती पुडी आता तिच्या डिकीत आहे, चिकटपट्टीने लावलेली. महिनाअखेर आली की ती ऊन असतानाच कारखान्याच्या फाटकावर येते. रखवालदार आता फोन करत नाही, नुसती शिट्टी वाजवतो.